नसलेल्या पायाचा पुरावा

गर्शोन चेऊलकरचा डावा पाय गेला तो गुलाबांपायी. फेब्रुवारीची अकरा तारीख होती. विमानतळाशेजारच्या ज्या कार्गो शेडमध्ये तो सव्वीस वर्षं काम करत होता, तिथे त्या दिवशी केनियाहून फुलं उतरत होती. व्हॅलेंटाइन्स डे तीन दिवसांवर आलेला. साऱ्या इंग्लंडचं प्रेम पुठ्ठ्याच्या खोक्यांत बांधून रोलरवर उभं होतं, आणि सुपरवायझर ओरडत होता, ‘‘लवकर, लवकर, फुलं थांबत नाहीत!’’ फुलं खरंच थांबली नाहीत. रोलरचा अडसर तुटला, खोक्यांनी लादलेलं दीड टनाचं पॅलेट घरंगळत आलं, आणि खांब आणि खोकी यांच्यामध्ये गर्शोनचा पाय सापडला.

हॉस्पिटलात त्याला नीट शुद्ध आली तेव्हा बायको, ज्युलिएट, शेजारी बसली होती. त्याने पहिला प्रश्न विचारला तो सव्वीस वर्षांच्या सवयीने.

‘‘माल गेला का वेळेवर?’’

‘‘माल गेला,’’ ज्युलिएट म्हणाली. ‘‘पायही गेला.’’

कंपनीने चौकशी केली, चाळीस पानी अहवाल काढला. त्यात लिहिलं होतं की कामगार पिवळ्या रेषेच्या बाहेर उभा होता. हे अगदी खरं होतं. पिवळी रेष अपघातानंतर आखली होती, त्यामुळे त्या दिवशी शेडमधला प्रत्येक माणूस तिच्या बाहेरच उभा होता. निरोपादाखल कंपनीने गर्शोनच्या घरी फुलांचा मोठा गुच्छ पाठवला. ज्युलिएटने तो दारातूनच परत केला आणि आणणाऱ्या माणसाला म्हणाली, ‘‘भाऊ, एक पाय शिल्लक आहे. तो तरी राहू द्या.’’ तो माणूस रोमानियाचा होता. त्याला मराठी कळलं नाही, पण तो घाईघाईने निघून गेला.

गर्शोन मूळचा ठाण्याचा, बेने इस्रायली. तुम्ही कुठले, असं तो राहायचा त्या हाउन्सलोच्या बसमध्ये कुणी विचारलं, की उत्तराला तीन स्टॉप लागायचे. ज्यू, पण इस्रायलचा नव्हे. भारतातला, पण हिंदू नव्हे. घरात मराठी, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या, आणि जेवायला नारळाच्या दुधातलं मटण. विचारणाऱ्याचा स्टॉप बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्याला येई. पाय गेल्यावर त्याला वाटलं होतं की आता निदान ओळख सांगणं सोपं होईल. कुठला का असेना, एका पायाचा माणूस. पण त्याला दवाखान्याने खोटा पाय इतका छान बसवून दिला, की पँट घातल्यावर काही कळेचना. बसमध्ये अपंगांच्या सीटवर बसला की शेजारच्या बाया त्याच्याकडे अशा बघायच्या, जणू तो त्यांच्या स्वयंपाकघरात बूट घालून शिरला आहे. एकदा सुपरमार्केटच्या राखीव पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवर चिठ्ठी मिळाली : ‘तुम्हाला चालता येतं हे मी पाहिलं आहे. लाज वाटू द्या.’ खाली सही नव्हती. हस्ताक्षर मात्र सुरेख होतं.

अशा दिवसांत एका रविवारी टेरी घरी आला. टेरी शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. अपघाताच्या दिवशी पॅलेट उचलून गर्शोनला बाहेर काढलं ते त्यानेच. चहा संपवून तो म्हणाला, ‘‘गर्श, तुझा पाय आम्हाला हवा आहे.’’

‘‘कुठला?’’

‘‘नसलेला.’’

तेव्हा कळलं की टेरीला एक छंद आहे. हा छंद त्याने वीस वर्षं शेडमध्ये लपवून ठेवला होता. मेडनहेडजवळच्या एका शेतावर दर उन्हाळ्यात, बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला जोडून आलेल्या शनिवार-रविवार-सोमवारी, साठ-सत्तर इंग्रज जमायचे आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध लढायचे. एकोणिसाव्या शतकातलं, गुलामगिरीवरून झालेलं, उत्तर विरुद्ध दक्षिण. निळे कोट उत्तरेचे, करडे दक्षिणेचे. तोफ होती, तंबू होते, टिनाचे मग होते. इंग्लंडची स्वतःची यादवी झाली होती की, मग दुसऱ्याची कशाला, असं ज्युलिएटने विचारलं. टेरी म्हणाला, ‘‘आमच्या यादवीत टोप्या चांगल्या नव्हत्या.’’

अडचण एवढीच होती की पलटणीत सगळे कर्नल होते. विमा एजंट होते, दंतवैद्य होते, एक निवृत्त हेडमास्तर होते, आणि प्रत्येकाला तलवार आणि दाढी हवी होती. जखमी व्हायला कुणी तयार नव्हतं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी मरायला तर मुळीच नाही. टेरीने सर्जनचा तंबू उभारला होता. करवती होत्या, चिमटे होते, रक्ताच्या रंगाची बाटली होती. पेशंट नव्हता.

पुढच्या बँक हॉलिडेच्या रविवारी गर्शोन मेडनहेडला गेला. तिथे त्याला भेटला नायजेल. नायजेलच्या हुद्द्याचं भाषांतर करायचं तर ‘अस्सलपणा अधिकारी’ असं करावं लागेल. कोटाची बटणं पितळेचीच आहेत ना, तंबूला झिप नाही ना, चष्म्याची काडी प्लास्टिकची नाही ना, हे तो भिंग घेऊन तपासायचा. स्वतः तो सव्वाशे किलोचा घोडदळ अधिकारी होता. घोडा नव्हता, कुठल्याच घोड्याने मान्य केलं नव्हतं.

नायजेलने गर्शोनला खालून वर न्याहाळलं. खाली तो फार खूष झाला. वर आल्यावर अडखळला.

‘‘पाय अप्रतिम आहे,’’ तो म्हणाला. ‘‘असा पाय मी बावीस वर्षांत पाहिला नाही. पण... गैरसमज नको... ओहायोच्या पलटणीत तुमच्यासारखे... म्हणजे, तुमच्या बाजूचे...’’

‘‘ठाण्याचे?’’ गर्शोनने मदत केली.

नायजेल लाल झाला. मग टेरी म्हणाला, ‘‘तो तोफेजवळ उभा होता. दारूच्या धुराने काळवंडला.’’ नायजेलने वही काढली आणि लिहून घेतलं : ‘धुराने काळवंडलेला.’ अशा रीतीने गर्शोन चेऊलकर, वय सत्तावन्न, अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला.

रोज दोनदा त्याचा पाय कापायचा असं ठरलं, साडेअकरा आणि तीन वाजता. गर्शोनची अट एकच होती : शनिवारी शब्बाथ, कामाला पूर्ण विश्रांती, त्यामुळे शनिवारी पाय कापला जाणार नाही. रविवारी आणि सोमवारी हवा तितका कापा. खुंटाला मेणाचा पाय जोडायचा, त्यात खाटकाकडचं हाड, वरून पँट आणि बूट, आणि टेरीने करवत चालवायची. पहिल्याच दिवशी आणखी एक पेच आला. टेरीने आणलेलं हाड डुकराचं होतं.

‘‘माझ्या पायाच्या जागी डुक्कर चालणार नाही,’’ गर्शोन म्हणाला.

‘‘गर्श, तू खाणार थोडाच आहेस?’’

‘‘पाय माझा आहे ना? मग ठरवणार मी.’’

त्यानंतर टेरी प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी सकाळी हाउन्सलोच्या हलाल खाटकाकडून मेंढीचं हाड आणू लागला. खाटकाला वाटायचं, गोऱ्याने कुत्रा पाळला आहे.

प्रयोग तुफान चालला. गर्शोन असा काही ओरडायचा, की शेजारच्या चीज विकणाऱ्या तंबूतली गिऱ्हाइकंही धावत यायची. ओरडायला त्याला शिकावं लागलं नाही. शेडमधल्या त्या दिवशी तो ओरडलाच नव्हता, ते सगळं आत साठलेलं होतं. पाय सुटून बादलीत पडला की लोक टाळ्या वाजवत. मग तो निळा कोट घालून, कुबडी घेऊन, आईस्क्रीमच्या रांगेत उभा राही आणि रांग दुभंगून त्याला वाट देई. म्हातारे सलाम ठोकत. एका बाईने त्याचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं. ‘‘तुम्ही लोकांनी जे केलंत, त्याबद्दल आभार,’’ ती म्हणाली. त्याने नेमकं काय केलं होतं हे तिला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. पण पाय गेल्यापासून कुणी आभार मानले ते पहिल्यांदाच, म्हणून त्याने ते ठेवून घेतले.

रविवारी निळ्या कोटात तो वीर असायचा. मंगळवारी साधं जाकीट घालून बसमध्ये चढला की पुन्हा संशयित. पाय तोच.

पलटणीचा नियम असा की प्रत्येकाने कुणातरी एका सैनिकाचं आयुष्य पाठ करायचं. चांगले कर्नल आधीच वाटले गेले होते. उरली होती प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई, आयझेया ट्रेंबल याची फाइल. झेरॉक्सचा हा गठ्ठा नायजेलला कुणीतरी अमेरिकेहून पाठवला होता आणि त्याने तो नुसता वरवर चाळला होता. ‘‘नुसते अर्जच आहेत,’’ तो म्हणाला होता. ‘‘लढाई दीड पान.’’

गर्शोनची मुलगी ईडन नॉटिंगहॅमच्या शाळेत इतिहास शिकवायची. तिच्या मदतीने त्याने ते वळणदार हस्ताक्षर फोडायला सुरुवात केली. ईडनचं मराठी हाउन्सलोत जन्मलेलं, शब्दांच्या लिंगाशी त्याचं कधी जमलं नाही.

‘‘पप्पा, हा माणूस तुझ्यासारखाच आहे,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘त्याची पण डावी पाय गेली.’’

‘‘डावा पाय, बेटा.’’

‘‘तेच. गेल्यावर काय फरक पडतो?’’

ट्रेंबल हा अमेरिकेच्या ओहायो राज्यातला फेरीवाला. बटणं आणि दोरे विकत गावोगाव फिरायचा, म्हणजे सगळा धंदा पायांवर. १८६२ साली सैन्यात गेला, सहा महिने चिखल तुडवला, आणि टेनेसीतल्या पहिल्याच मोठ्या चकमकीत गुडघ्याखाली गोळी लागली. पाय कापला. इथे लढाई संपली, दीड पानात. पुढची दोनशे पानं म्हणजे ट्रेंबलची पेन्शनसाठीची चाळीस वर्षं. पहिली पेन्शन मिळाली ती तुटपुंजी. खुंट चिघळू लागला तशी त्याने वाढ मागितली. दर वेळी त्याला तीन डॉक्टरांपुढे उभं राहावं लागे, आणि ते त्याच्या अपंगत्वाचा अपूर्णांक काढत. कधी अठरातले आठ भाग अपंग, कधी अठरातले सहा. एकदा खात्याने लिहिलं की गोळी लागताना पाहणाऱ्या दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. ट्रेंबलने कळवलं की दोघेही त्याच गोळीबारात पडले, आणि मेल्यापासून त्यांचा पत्रव्यवहार बंद आहे. आणखी एका पत्रात त्याने लिहिलं होतं : ‘पाय मी टेनेसीत ठेवून आलो आहे. तो घरी परत आल्यास सर्वप्रथम आपणांस कळवीन.’

हे वाक्य गर्शोनने ज्युलिएटला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘‘अहो, त्याच्या बायकोचं काही लिहिलंय का? चाळीस वर्षं हे अर्ज ऐकले असतील तिने.’’ लिहिलेलं नव्हतं.

आणि मग गर्शोनच्याच भत्त्याच्या फेरतपासणीची वेळ आली.

पाय गेल्यावर त्याला सरकारकडून अपंगांचा भत्ता मंजूर झाला होता. आता तपासायचं होतं की अजून गरज आहे का. तपासणी फोनवर झाली. बाई आवाजावरून तरुण आणि दमलेली वाटत होती.

‘‘मिस्टर शुलकर?’’

‘‘चेऊलकर.’’

‘‘मागच्या तपासणीनंतर तुमच्या स्थितीत काही सुधारणा?’’

‘‘पायात?’’

‘‘हो.’’

‘‘पाय नाही.’’

‘‘ते इथे लिहिलेलं आहे. मी सुधारणेबद्दल विचारते आहे.’’

गर्शोनला ट्रेंबलचं टेनेसीचं वाक्य ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं; फोनवरच्या त्या मुलीचा काय दोष. मग तिने विचारलं, दोनशे मीटर चालता येतं का. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, ‘‘चांगल्या दिवशी, खोटा पाय घालून, दोनदा थांबून. वाईट दिवशी खुंट सुजतो, तेव्हा बाथरूमपर्यंत पण नाही.’’

‘‘माझ्याकडे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने आहेत.’’

‘‘मग काय लिहिणार?’’

‘‘चांगला दिवस असतो म्हणालात ना? मी ‘हो’ लिहिते.’’

पाच आठवड्यांनी पत्र आलं. भत्ता बंद. कारणांत लिहिलं होतं : ‘अर्जदाराने फोन स्वतः उचलला. संभाषणात दम लागल्याचं जाणवलं नाही.’

‘‘पुढच्या वेळी फोन पायाने उचला,’’ ज्युलिएट म्हणाली. पण पत्राची घडी तिने शब्बाथच्या मेणबत्त्यांखाली ठेवली. त्या रात्री तिने नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलला आणि नवऱ्याला सांगितलं नाही.

त्याने फेरविचाराचा अर्ज केला. उत्तराऐवजी मुलाखतीचं बोलावणं आलं. एका जागरूक नागरिकाने खात्याला कळवलं होतं की सदर इसम शेतात पळतो, आणि पुराव्याला व्हिडिओची लिंक जोडली होती.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. गर्शोन कठड्याला धरून बत्तीस पायऱ्या चढला. वर पोहोचला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. समोरच्या अधिकाऱ्याने आधी एक नोंद केली, मग मान वर केली. नोंद उलटी दिसत होती तरी गर्शोनने वाचली : ‘जिन्याने आला.’

अधिकाऱ्याने लॅपटॉप वळवला. पडद्यावर मेडनहेडचं शेत होतं. धूर, ढोल, आणि त्या धुरातून निळ्या कोटातला एक एकपायी सैनिक कुबडी टेकत वाऱ्याच्या वेगाने शत्रूवर चालून जात होता. हे नायजेलचं काम. पंधरा पावलं चालून पडायचं, एवढंच गर्शोनला सांगितलं होतं, आणि ती पंधरा पावलं चालायला त्याला तीन मिनिटं लागली होती. कंटाळवाणं दिसतं म्हणून नायजेलने व्हिडिओ आठपट वेगवान करून खाली बिगूल घातला होता.

‘‘हे तुम्हीच ना?’’

‘‘हा प्रायव्हेट ट्रेंबल.’’

पेन सरसावलं. ‘‘त्यांचा पत्ता?’’

‘‘ओहायो. पण ते १९०३ साली वारले.’’

‘‘तुमचं त्यांच्याशी नातं?’’

गर्शोनने विचार केला. ‘‘आमचा पाय एक आहे,’’ तो म्हणाला.

अधिकाऱ्याने तेही लिहिलं. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘तुम्ही इथे फार वेगाने जाताय, मिस्टर चेऊलकर.’’

‘‘साहेब, मागच्या गाई बघा.’’

अधिकाऱ्याने पाहिलं. शेताच्या कडेला गाई चरत होत्या, आणि त्यांच्या माना शिवणयंत्राच्या सुईसारख्या खालीवर होत होत्या. तो क्षणभर हसला असावा. पण गाईंसाठीही त्याच्याकडे रकाना नव्हता. फसवणुकीचा आरोप तेवढा त्याने पुढे नेला नाही. भत्ता मात्र बंद तो बंदच राहिला.

आता एकच वाट उरली होती, ट्रायब्युनलची, म्हणजे खात्याच्या निर्णयावर बसणाऱ्या न्यायमंडळाची. तारीख मिळायला अकरा महिने लागले. त्या काळात गर्शोन शेतावर गेला नाही. नायजेलचा निरोप आला की ‘तात्पुरती व्यवस्था म्हणून एका दोन पायांच्या माणसावर भागवत आहोत, पण प्रेक्षकांना ते पटत नाही.’ घरात तो खिडकीशी बसून ट्रेंबलची फाइल वाचायचा. पूर्वी त्याला तो माणूस विनोदी वाटायचा. आता एकेका पत्राच्या तारखेकडे लक्ष जाऊ लागलं : दोन पत्रांत तीन वर्षं, पुढच्या दोहोंत चार. मधल्या वर्षांत तो काय करत असेल? बटणं विकत असेल का? कोण घेत असेल?

‘‘ज्युली,’’ तो एकदा म्हणाला, ‘‘पाय गेला तेव्हा इतकं लागलं नव्हतं गं. पाय नाही हे पटवताना लागतं.’’

ज्युलिएट मासे साफ करत होती. तिने हात धुतले आणि येऊन त्याच्याजवळ बसली. ती विनोद करेल म्हणून तो थांबला. तिने केला नाही.

सुनावणीला ईडन नॉटिंगहॅमहून आली. तिने दोनशे बारा पानांची फाइल केली होती, रंगीत चिकटपट्ट्या लावून. मंडळात तिघे होते : एक महिला जज्ज, एक व्हीलचेअरवरच्या बाई, आणि एक निवृत्तीला आलेला वृद्ध डॉक्टर. गर्शोनला हसू फुटलं, कारण ट्रेंबलच्या पुढेही तिघेच असायचे. खात्याचा प्रतिनिधी व्हिडिओवरून हजर होता. पहिल्याच वाक्याला त्याचं चित्र गोठलं आणि शेवटपर्यंत तोंड उघडंच राहिलं.

डॉक्टरने फाइल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे. मग चष्मा काढला.

‘‘मला एक सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘इथे फोनवरची तपासणी आहे. कागदावरची आहे. व्हिडिओ आहे. गाईंचाही उल्लेख आहे. गेल्या दोन वर्षांत यांचा पाय कुणी पाहिला आहे का?’’

जज्जने अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. ईडन चिकटपट्ट्या उलगडू लागली. गोठलेला प्रतिनिधी आ वासून बघत होता.

‘‘मी पाहिलं तर चालेल?’’ डॉक्टरने गर्शोनला विचारलं.

गर्शोनने पँट वर केली, बटण दाबलं, खोटा पाय सोडवला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून टेबलावर ठेवला, बुटासकट. कारकुनाने दबकत जज्जला विचारलं, ‘‘याला पुरावा क्रमांक द्यायचा का?’’ जज्ज म्हणाली, ‘‘नको. तो त्यांना घरी जायला लागेल.’’

डॉक्टर खुर्चीवरून उठला आणि गुडघा टेकून खाली बसला. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचा कटकन आवाज आला. खुंटावर पॅलेटच्या कडेने पडलेला जुना व्रण होता, आणि त्याखाली खोट्या पायाने घासून झालेली ताजी, ओली जखम. त्याने हात लावण्याआधी विचारलं. मग फक्त म्हणाला, ‘‘हे रोज असं असतं?’’

‘‘चांगल्या दिवशी,’’ गर्शोन म्हणाला.

व्हीलचेअरवरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. गर्शोन एका पायावर, टेबलाला धरून उभा होता. ढोल नव्हते, रंग नव्हता, तो ओरडतही नव्हता. तिघं माणसं त्याच्या पायाकडे पाहत होती आणि पाहून झाल्यावरही नजर चोरत नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एवढ्या मोठ्या पलटणीचा अनुभवी सैनिक असूनही त्याला कोटाच्या बाहीने डोळे पुसायचंही सुचलं नाही. ईडनने पुसले.

निकाल दहा मिनिटांत लागला. भत्ता परत सुरू. तीन आठवड्यांनी लेखी पत्र आलं. त्यात खाली बारीक अक्षरांत होतं की ही मंजुरी तीन वर्षांसाठी असून, त्यानंतर अर्जदाराच्या स्थितीत सुधारणा झाली आहे का, हे पुन्हा तपासण्यात येईल.

ज्युलिएटने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. ‘‘तीन वर्षांत उगवेल म्हणतायत,’’ ती म्हणाली. ‘‘रोज पाणी घालू का?’’

नवस फेडायला तिने मलिदा केला. पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि पाच फळं. टेरीला बोलावलं, शेजारच्यांना बोलावलं. तेव्हा कुठे गर्शोनला नवसाबद्दल कळलं. ‘‘वकिलाला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हाला वकील कुठे होता?’’ ज्युलिएट म्हणाली. ‘‘म्हणून तर वर सांगावं लागलं.’’

मे महिन्याच्या बँक हॉलिडेला गर्शोन मेडनहेडला परत गेला. नायजेल हात पसरून सामोरा आला. टेरीने मेंढीचं हाड आणलं होतं.

‘‘पाय कापायचा नाही,’’ गर्शोन म्हणाला.

नायजेलचे हात खाली आले. ‘‘पण जाहिरातीत छापलंय! साडेअकरा आणि तीन!’’

‘‘ट्रेंबलचा पाय अर्ध्या तासात कापला असेल. नंतर चाळीस वर्षं त्याने काय केलं, ते दाखवायचं. तुझ्याच फाइलीत आहे.’’

नायजेलने अस्सलपणाच्या मुद्द्यावर विरोध करायचा प्रयत्न केला, पण कागद अमेरिकेचे होते, शिक्के खरे होते. शेवटी सर्जनच्या तंबूबाहेर एक टेबल मांडलं. ईडनने १८७९ सालच्या अर्जाची हुबेहूब नक्कल छापून आणली होती. ज्युलिएटने बाजूला खुर्ची टाकली आणि स्वेटर विणायला घेतला. गर्शोन निळा कोट घालून टेबलामागे बसला, दौत-टाक पुढे ओढला आणि पाटी लावली : ‘पेन्शन कचेरी. आपला पाय आहे किंवा नाही, हे येथे सिद्ध करावे.’

पाच मिनिटांत रांग लागली. कशाची रांग आहे हे पहिल्या दोघांनाच माहीत होतं. बाकीचे इंग्रज होते, त्यांना रांग पुरेशी होती. एका गृहस्थाने दोन्ही पाय पुढे करून दाखवले. गर्शोनने त्याला विचारलं, तुम्हाला पाय आहेत हे पाहिलेले दोन साक्षीदार आणलेत का? नाही? मग पुढच्या मंगळवारी या. बायकोची जागा धरायला आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाशी एक बाई भांडू लागली की हा मध्ये घुसला. करड्या कोटातले दोन शत्रूसैनिकही लढाई सोडून रांगेत येऊन उभे राहिले. साडेअकराला तोफ उडाली, पण माना तिकडे वळल्या नाहीत. जागा गेली असती.

पाऊण तासाने नायजेलचा नंबर आला. तो रांगेत कधी शिरला होता कुणास ठाऊक. त्याने अर्ज टेबलावर ठेवला, अगदी व्यवस्थित भरलेला.

गर्शोनने तो उजेडाकडे धरला. ‘‘बॉलपेन,’’ तो म्हणाला. ‘‘१८७९ साली बॉलपेन नव्हतं. अर्ज बाद.’’

नायजेल अर्ज घेऊन निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

‘‘नेक्स्ट,’’ ज्युलिएट विणकामातून डोकं वर न काढता म्हणाली.